अंबाल्याचा स्टिरिओ झूम आणि माशांची अंडी: दोन पावसाळे वापरल्यानंतर

मार्चमधल्या एका नमुन्यातली चाळीस अंडी मी वहीत ०.८१ मि.मी. व्यासाची म्हणून लिहिली. आठ दिवसांनी तीच बाटली पुन्हा काढली, तर अंडी ०.९ भरली. फॉर्मॅलिनमध्ये अंडी काही वाढत नाहीत. मायक्रोस्कोपच्या झूमचं बटण ४वर ठेवलं होतं ते हळूच ३.६च्या आसपास घसरलं होतं आणि मला पत्ता नव्हता. या मायक्रोस्कोपबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं इथंच आलं.

मी मालवणला प्राणिशास्त्र शिकवते. आमचे चुलत सासरे, सगळ्यांचे तात्या, यांची फायबरची होडी आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रकल्पासाठी म्हणून सुरू केलेलं काम आता माझंच वेड होऊन बसलंय: पहाटे होडीमागं प्लँक्टनचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचं, जाळं पाच मिनिटं ओढायचं आणि त्यात आलेली माशांची अंडी नि लार्वे (अंड्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्लं) ओळखायचे. जाळ्याचं तोंड ५० सेंटिमीटरचं, कापडाची भोकं ०.३ मि.मी.ची. होडी सेकंदाला मीटरभर चालली तर पाच मिनिटांत साठेक घनमीटर पाणी गाळून निघतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. हाताशी येतो तो पेलाभर गढूळ रस्सा. पहिल्या दिवशी तात्यांनी बाटली उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, "ह्येच्यात मासे खंय आसत गो? नुसता पाणी मां!"

कॉलेजात मायक्रोस्कोप आहेत, पण ते काचपट्टीवर पेशी बघायचे. त्यांच्याखाली माशाचं अंडं म्हणजे खिडकीला नाक लावून हत्ती बघणं. शिवाय चित्र उलटं दिसतं, त्यामुळे सुईनं अंडं डावीकडं सरकवायला गेलं की ते उजवीकडं पळतं. हवा होता स्टिरिओ, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र देऊन खोली दाखवणारा. हरियाणातलं अंबाला हे अशा उपकरणांचं गाव, तिथल्या एका दुकानदाराशी फोनवर बोलले. कंपनीचं नाव इथं टाकत नाही. माझ्या पाहण्यात या तऱ्हेचे चार-पाच आलेत, पट्टीवरचं नाव वेगळं, साचा एकच. त्यामुळे हे लिहिलेलं त्या सगळ्यांना लागू पडेल असं मला वाटतं.

त्याचा पहिला प्रश्न: "मॅडम, कितना एक्स चाहिए?" मी म्हटलं, ७ ते ४५. तो जरा हिरमुसला. "नब्बे भी हो जाएगा, टू-एक्स का लेन्स नीचे लगा दो." हे ऐकून भुलू नका. समुद्रात तरंगणारी बहुतेक माशांची अंडी अर्धा ते दोन मि.मी.ची असतात, ४५ पट त्यांना भरपूर झालं. टू-एक्स लावला की भिंग आणि बशी यांच्यातली चार बोटांची जागा दीड बोटावर येते. मग सुई घालायची कुठून? मी तो लेन्स हट्टानं घेतला, हजार रुपये दिले, आणि तो अजून डबीत आहे.

जीएसटी, भाडं, कॅमेरा असं सगळं धरून ४६ हजारांच्या आसपास गेले. पार्सल कुडाळच्या पुढं येईना, तेव्हा एसटीनं जाऊन ते मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, मिक्सर का? हो म्हटलं.

आता कामाचं. माशाचं अंडं ओळखायचं म्हणजे काय बघायचं? आकार गोल की लांबट, व्यास किती, कवच गुळगुळीत की नक्षीदार, कवच आणि आतला पिवळा बलक यांच्यात मोकळी जागा किती, बलक एकसंध की फोडीफोडींचा, आणि त्यात तेलाचे थेंब किती नि केवढे. सगळी कुंडली एवढ्यावर मांडायची. तारलीचं अंडं यात सगळ्यात सभ्य: कवचाच्या आत ऐसपैस मोकळी जागा, बलक फोडी पडल्यासारखा, तेलाचा एकच थेंब. एकदा दाखवलं की विद्यार्थी विसरत नाहीत. मांदेलीच्या कुळातल्या स्टोलेफोरसचं अंडं लांबट, काही जातींत एका टोकाला बोंडासारखा उंचवटा. लेपीचं अंडं बारीक आणि आत तेलाचे एक नाही, पुष्कळ थेंब विखुरलेले, आमटीवर तवंग फुटावा तसे. बळ्याचं अंडं चांगलं दीड मि.मी.च्या वर. आणि मग उरते ती गोल, गुळगुळीत, एकाच तेलथेंबाची, ०.७ ते १ मि.मी.मधली भलीमोठी गर्दी. तिथं बांगडाही असतो, खडप्यातले मासेही असतात, आणि आणखी कोण कोण. त्या गर्दीत हात घालायचा तर एकच काठी आपल्या हातात असते: माप.

म्हणून झूम घसरणं हा माझ्या लेखी किरकोळ दोष नाही. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, शंभर रेघांची पट्टी बसवलेली असते. बटण ४वर, म्हणजे एकूण ४० पटीवर, असताना एक रेघ म्हणजे ०.०२५ मि.मी., म्हणजे ०.९चं अंडं छत्तीस रेघा भरतं. झूम ३.६वर आला की तेच अंडं साडेबत्तीस रेघांत बसतं आणि आपण बिनघोर ०.८१ लिहून मोकळे. चांगल्या यंत्रांत ठरावीक आकड्यावर बटण खटकन अडकतं. यात ती खिट्टी नाही, बटण लोण्यातून फिरतं. विकणारा हे 'स्मूथ झूम' म्हणून कौतुकानं सांगतो. मासे मोजणाऱ्यानं ते ऐकून सावध व्हावं. घेताना बटण फिरवा आणि कान द्या. खट् आवाज आला नाही तर दर बैठकीला मोजपट्टीची काच खाली ठेवून पट्टी पडताळावी लागणार. ती काच, एक मि.मी.चे शंभर भाग केलेली, वेगळी विकत घ्यावी लागते. दुकानदार आपण होऊन तिचं नाव काढत नाही.

मी शेवटी बाजारातल्या घड्याळजीकडे गेले. त्यानं बटणाच्या आतला स्क्रू आवळला आणि ४च्या जागी ब्लेडनं बारीक खूण केली. साठ रुपये घेतले. अंबाल्याच्या माणसाला फोन केला होता, तो म्हणाला "मशीन भेज दो". चाळीस दिवस तरी गेले असते, आणि मार्च संपला की आमच्या हातात मेअखेरपर्यंतचेच दिवस. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, आणि तात्यांची होडी तर त्याच्या आधीच माडांत ओढून ठेवलेली.

आता स्तुती. बुडातला दिवा. हा एलईडी आहे आणि मी घेतला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. जुन्या हॅलोजनखाली बशी दहा मिनिटांत कोमट व्हायची आणि जिवंत अंडी गेलीच म्हणून समजा. अंडं पारदर्शक असतं, ते बघायचं तर उजेड खालून हवा. वरून टाकलेल्या उजेडात ते नुसतं पाण्याच्या थेंबासारखं चमकतं. पण सगळ्यात सुंदर दिसतं ते तिसऱ्या तऱ्हेनं: बशीखाली काळी चकती, उजेड बाजूनं तिरका. कॉलिओनिमस नावाच्या तळाशी राहणाऱ्या माशाच्या अंड्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. खालच्या उजेडात ती मला दोन महिने दिसली नव्हती. काळ्या चकतीवर अंडं ठेवलं आणि जाळी उठून आली. चकती यंत्राबरोबर येते, एक बाजू पांढरी, एक काळी. खोक्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेली असते, फेकू नका.

पहाटे सहाला काढलेला नमुना नऊपर्यंत दिव्याखाली आला तर बघायला काय मिळतं ते सांगण्यासारखं आहे. पाणी २८ अंशांच्या आसपास असलं की यातली बरीच अंडी दिवसाभरातच फुटतात. त्यामुळे अंड्यातला गर्भ कुठवर आलाय त्यावरून मासळीनं अंडी कधी टाकली याचा अंदाज बांधता येतो. नुसती पेशींची टोपी असेल तर काही तासांपूर्वीच. बलकाला शेपटीनं वेटोळं घालून गर्भ बसलेला असेल तर त्याच्या बऱ्याच आधीची. एकदा तात्यांना बोलावून आयपीसला डोळे लावायला सांगितले. डोळ्यांमधलं अंतर जुळवायला त्यांना वेळ लागला, मग गप्प झाले. मग म्हणाले, "ह्येचा काळीज हालता मां!" पन्नास वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला बांगड्याएवढं ओळखीचं काही नाही. बांगडा एवढासा असताना कसा दिसतो हे मात्र त्यांनी तेव्हा प्रथम पाहिलं. यात त्यांचं काही उणं नाही. मोठमोठ्या समुद्री माशांची अंडी तळाशी पडून राहतात असंच लोक मानत होते. कॉडची अंडी पाण्यावर तरंगतात हे नॉर्वेच्या गेऑर्ग ओसियन सार्सनं लोफोटेन बेटांजवळ दाखवलं तेव्हा १८६०चं दशक अर्धं उलटलं होतं.

लार्व्यांकडे वळलं की वेगळंच गणित. अंड्यात मोजायला तेलथेंब, लार्व्यात मोजायच्या मायोमिअर, म्हणजे अंगावरच्या स्नायूंच्या इंग्रजी व्ही-सारख्या घड्या. त्या साधारण मणक्यांइतक्याच असतात, आणि मणके हे माशाचं आधार कार्ड. बांगड्याचे ३१. तांबोशीचे २४. तारलीचे चाळिशीच्या पुढं. अडचण अशी की कोवळ्या लार्व्याच्या घड्या काचेवर काच ठेवल्यासारख्या दिसतात. एकोणीस मोजल्या की डोळ्यात पाणी आणि पुन्हा एकपासून. इथं हे यंत्र एकटं पुरं पडत नाही. बिघडलेल्या कॅलक्युलेटरच्या पडद्यावरची पोलरायझर फिल्म सोलून काढा, दोन तुकडे करा. एक बशीखाली, एक भिंगाखाली, आणि वरचा फिरवत सगळं काळं होईपर्यंत न्या. त्या काळ्यात लार्व्याचे स्नायू दिवाळीच्या माळेसारखे पेटतात, घड्या मोजून घ्या. फक्त बशी काचेची हवी. प्लॅस्टिकची पेट्री डिश त्या उजेडात स्वतःच इंद्रधनुष्य होऊन बसते; हे कळायला माझी एक रविवारची दुपार गेली.

चोवीसवाल्यांची संख्या भारी आहे, तेव्हा आकड्यानं काम संपत नाही. गोब्र्याचा लार्वा मात्र मोजावाही लागत नाही: पाठीवरून एक आणि पोटाखालून दोन, अंगाच्या मानानं अवाढव्य काटे, त्यांना करवतीचे दात. पतंग आहे की मासा. तारली आणि मांदेली या दोन्ही कुळांचे लार्वे सुतळीसारखे लांब, आतडं शेपटीजवळपर्यंत गेलेलं. थोडे मोठे झाले की पंख बघायचे: तारलीकडं पाठीचा पंख संपल्यावर बऱ्याच मागं पोटाकडचा पंख सुरू होतो, मांदेलीकडं दोन्ही एकमेकांच्या वरखाली येतात. लेपीच्या पिल्लाला आधी दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो, मग उजवा डोळा डोक्यावरून डावीकडं जातो. निम्म्या वाटेवरचा डोळा असलेलं एक पिल्लू मला गेल्या वर्षी मिळालं. ते मी स्वतंत्र कुपीत ठेवलंय आणि पाहुण्यांना दाखवते.

नवख्यांसाठी दोन फसव्या गोष्टी. एक नॉक्टिल्युका. समुद्र रात्री निळा पेटतो तो पुष्कळदा या एकपेशीय जिवांमुळे, पण बशीत त्या गोल, पारदर्शक, अंड्याच्याच मापाच्या दिसतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं एका नमुन्यात तीनशे अंडी मोजली होती, त्यातली खरी अकरा. स्टोलेफोरससारखी लांबट सोडली तर खरं अंडं काटेकोर गोल असतं. नॉक्टिल्युकाला एका बाजूला खाच असते, सफरचंदाच्या देठाजवळ असते तशी. दुसरे बाणकिडे, सॅजिटा. सरळ, काचेसारखे, थेट तारलीच्या पिल्लासारखे. डोळे बघा: माशाच्या पिल्लाचे डोळे बाजूंना आणि ठळक असतात. हे दोन्ही १० पटीवर सुटतं, ४५ची गरज नाही.

कॅमेरा. तिसऱ्या नळीवर बसणारा, ५ मेगापिक्सेलचा. त्या ४६ हजारांतले नऊ हजार याचेच. घेऊ नका. अंडं हा गोळा आहे, फोटोत त्याचा एकच थर स्पष्ट येतो: तेलथेंब नीट आला की कवचाची कड धूसर, आणि उलट. डोळ्यानं बघताना आपण फोकसचं बटण हलवत वरखाली करतो आणि डोक्यात गोळा जुळवतो. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माप काढायची सोय आहे, पण झूम कितीवर आहे हे ते आपल्यालाच विचारतं, म्हणजे घसरलेल्या बटणाचा आकडा आता दोन दशांश स्थळांपर्यंत चुकतो. व्हॉट्सॲपवर कुणाला दाखवायचं असेल तर आयपीसला मोबाइल लावा, बरा येतो.

पाऊस. कोकणात कुठलंही भिंग घेणाऱ्यानं हा परिच्छेद वाचावा. पहिल्याच जुलैत डाव्या आयपीसच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. कंपनीनं 'अँटी-फंगस कोटिंग' लिहिलं होतं, ते बहुधा अंबाल्याच्या हवेपुरतं असावं. आता यंत्र छोट्या लाकडी कपाटात ठेवते, आत खाली ४० वॅटचा पिवळा बल्ब दिवसरात्र. सिलिका जेलच्या पुड्या आहेत, पण आमच्याकडं त्या चार दिवसांत निळ्याच्या गुलाबी होतात, तव्यावर भाजून पुन्हा ठेवाव्या लागतात. बरोबर आलेलं रेक्झिनचं आवरण पावसाळ्यात मुळीच घालू नका, आत ओल कोंडते.

आता मुख्य प्रश्न, जो मला दोघा-तिघांनी विचारला: हे घेतलं की जात ओळखता येते का? बऱ्याचदा नाही. कुळापर्यंत नेतं, कधी वंशापर्यंत. फॉर्मॅलिनमध्ये पिवळे-लाल ठिपके काही दिवसांत उडतात, काळे तेवढे राहतात, म्हणजे अर्धी खूण तिथंच गेली. म्हणून रंग जिवंतपणीच वहीत उतरवायचे. फॉर्मॅलिनमध्ये बोरॅक्स घालायचा, नाहीतर आम्ल होऊन पिल्लाच्या कानातले खडे विरघळतात. आणि डीएनए बघायचा विचार असेल तर निम्मा नमुना पहिल्याच मिनिटाला ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकायचा, फॉर्मॅलिनमधून तो नीट निघत नाही. सीओआय जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जात सांगतात, तीही संदर्भसाठ्यात त्या माशाची नोंद असेल तर. नुसत्या डोळ्यावर विसंबलं की काय होतं याचा दाखला मोठ्या संशोधकांचाच आहे: आयरिश समुद्रात कॉडसारखी म्हणून वेगळी काढलेली अंडी जनुकीय चाचणीत तपासली, तर त्यातली पुष्कळशी व्हायटिंग आणि हॅडक या कॉडच्याच कुळातल्या माशांची निघाली. तिथं त्या अंड्यांच्या मोजणीवरून समुद्रात कॉड किती याचे अंदाज बांधत होते. माझ्या चाळीस अंड्यांवर, सुदैवानं, कुणाचं काही अवलंबून नाही.

डोळ्यानंच जातीपर्यंत जायचा एक जुना रस्ता आहे, आणि त्याला हे यंत्र पुरतं: मालिका लावणं. ओळखू येतं असं बोटभर पिल्लू घ्यायचं, मग त्याहून जरा लहान, मग त्याहून लहान, खुणा जुळवत मागं मागं यायचं. माझ्याकडं तारलीची नऊ कुप्यांची मालिका झालीय, मधली एक जागा रिकामी आहे. दुसरा रस्ता, अंडी बादलीत वाढवणं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा पिल्लं बलक संपला त्या दिवशी उपाशी मेली.

तर घ्यावा का? कॅमेरा आणि टू-एक्स वगळून घेतलात तर हो. उरलेल्या पैशात मोजपट्टीची काच आणि काचेच्या चार बशा घ्या, आणि गावात चांगला घड्याळजी आहे का बघून ठेवा. पाचापैकी साडेतीन. खिट्टी असती तर साडेचार दिले असते, बुरशीसकट.

मार्चची बाटली मी खूण केल्यानंतर तिसऱ्यांदा काढली. चाळीसच्या चाळीस पुन्हा मोजली. वहीत आधी लिहिलेलं "खवळ्याचं कुळ?" खोडलं आणि बाजूला लिहिलं: गोल, ०.९, बलक एकसंध, एक तेलथेंब ०.२२, बहुधा बांगडा. त्यातला 'बहुधा' तात्यांना पसंत नाही.